सेहेचाळीस खणांची उजळणी

दिवेलागणीला आमच्या घरी उजळणी होई. आधी पाढे, मग पावकी, निमकी, मग औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मग महिने, नक्षत्रं आणि सगळ्यांत शेवटी जपानी अक्षरं. हा शेवटचा भाग परंड्यात दुसऱ्या कुठल्या घरी होत नव्हता हे मी खात्रीनं सांगू शकते. पहिल्याच आठवड्यात गल्लीतली माणसं दुकानापुढं येऊन विचारायला लागली होती, की तुमच्या पोरीला झालंय काय?

दुकान दोरखंडाचं होतं. कासरे, दावी, शिंकी, चऱ्हाटं. दुकानामागं दोन खोल्या आणि एक पडवी, एवढ्यात आमचा संसार. अंबाडी आमच्याकडं दोन वाटांनी येई. पाला आईच्या हातात जाई आणि वाख, म्हणजे सालीचे तंतू, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या. पाल्याची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. आठवड्यातून तीनदा, पीक चांगलं असेल तर चारदा. ओला वाख बडवण्याचा धपधप आवाज सकाळी सुरू होई आणि तो बंद झाला की आम्हाला कळे, जेवायची वेळ झाली. संध्याकाळी अण्णा पडवीत पीळ देत. दोराचं एक टोक खुंटीला, दुसरं त्यांच्या हातात. पीळ बसेल तसे ते एकेक पाऊल सरकत आणि प्रत्येक पावलाला मी एक ओळ म्हणे. मी चुकले तर अण्णा रागावत नसत. नुसते थांबत. पाऊल थांबलं की समजायचं, मागं कुठं तरी चूक आहे. आज माझ्या पदरी दोन सुना आहेत, तरी समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं की मी आधी मनातल्या मनात मागची बेरीज तपासते.

निजामाच्या सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले आणि तिथं मुली जात नसत. म्हणून माझं शिक्षण या पडवीत झालं. त्यात जपानी आणलं ते म्हादूकाकांनी.

म्हादूकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. मी पाच वर्षांची असताना, ऐन नागपंचमीला, ते सिंगापूरला गेले. सोलापूरच्या एका कापडवाल्याचं तिथं दुकान होतं, त्यात कारकून म्हणून. पुढं लढाई पेटली, ते शहर जपान्यांच्या हाती गेलं आणि काकांची पत्रं थांबली. मी अकरा वर्षांची असताना, नागपंचमीच्या आठ दिवस आधी, ते चालत घरी आले. हातात एक कापडी पिशवी. पिशवीत पत्र्याचा मग आणि एक सदरा. कागद एकही नाही. कापडाचं दुकान लढाईत जळालं होतं, मालकाचा पत्ता नव्हता, बरोबरची माणसं कुठं कुठं पांगली होती. काका सिंगापुरात होते याला पुरावा एकच, तो म्हणजे काका तसं सांगत होते.

ते काय सांगत, तेही लिहून ठेवते. दीड वर्ष कापडाच्या दुकानात. मग जपानी आले. त्यांनी काकांना तांदळाच्या गोदामात कारकून केलं. तिथं साडेतीन वर्षं. (मी त्या दिवसांत औटकी पाठ करत होते, त्यामुळं हा आकडा माझ्या चांगला लक्षात राहिला.) लढाई संपल्यावर परतीच्या जहाजाची वाट बघत सहा महिने. जहाजात अठरा दिवस. रेल्वेत चार.

गोदामात एका भिंतीला लाकडी खण होते. गावातल्या प्रत्येक कुटुंबाचं एक कार्ड, आणि कार्डावरच्या नावाचा पहिला उच्चार जो असेल त्या खणात ते ठेवायचं. खण त्यांच्या अक्षरांच्या क्रमानं लावलेले. मुकादमानं काकांना सांगितलं, आठ दिवसांत क्रम पाठ झाला पाहिजे, नाहीतर तुझा तांदूळ बंद.

“त्यांची बोली मला पाच-पंचवीस शब्दांपलीकडं आली न्हाय,” काका म्हणत. “पर क्रम पक्का. क्रम चुकला की कुणाचं तरी कार्ड सापडायचं न्हाय, आन् कार्ड न्हाय तर तांदूळ न्हाय. रांगेत बाया लेकरं घेऊन उभ्या असायच्या.”

क्रम लक्षात ठेवायला काकांनी स्वतःच युक्त्या केल्या होत्या, आणि त्याच त्यांनी मला शिकवल्या. प्रत्येक ओळीत पाच उच्चार: आ, इ, उ, ए, ओ. त्याला काट्याची गोष्ट. पायात काटा मोडला, आ. रगत दिसलं, ई. काटा उपसला, ऊ. शेजारणीला हाक मारली, ए. तिनं ओ दिली, ओ. ही गोष्ट मला एकदा ऐकून पाठ झाली. मग ओळी दहा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. त्यासाठी काकांनी एक वाक्य जुळवलं होतं. “आक्का, काल सासूनं ताक नासवलं, हाका मारल्या, याद राहिली वाटतं.” प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं.

या वाक्यावर आईची हरकत होती. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. थापणं बंद झालं.

“आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात ताक नासवलं न्हाय,” ती म्हणाली.

“वैनी, ही सासू कुणाचीच न्हाय. ही नुसती ‘सा’साठी हाय.”

“मग साळू घाला. ‘सा’च येतो की.”

“साळूनं नासवलं तर हाका कोण मारंल? हाका मारायला सासूच पायजे.”

आईनं जरा विचार केला. “ते बी खरं,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दहा ओळी, प्रत्येकी पाच, म्हणजे पन्नास खण व्हायला हवेत. ते होत नाहीत. ‘या’च्या घरात या, यु, यो अशी तीनच माणसं, दोन रानात गेली. ‘वा’च्या घरात दोन, तिघं रानात. आणि सगळ्यांच्या शेवटी एक ‘न्’, त्याला घरच नाही, तो दाराबाहेर उभा. पन्नासातून पाच गेले, एक आला, राहिले सेहेचाळीस. जपान्यांच्या जुन्या पुस्तकांत आणखी दोन अक्षरं आहेत, पण गोदामात त्या नावाचं माणूस कधी तांदूळ न्यायला आलं नाही, म्हणून काकांनी ती मला शिकवली नाहीत. मला सगळं पाठ व्हायला दहा दिवस लागले. काकांना आठ लागले होते. पण त्यांच्यापुढं तांदळाचा प्रश्न होता, माझ्यापुढं नव्हता.

हे लिहिता लिहिता मी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. सेहेचाळीसच भरतात.

काका तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. दसऱ्यानंतर त्यांना वाशीचं एक स्थळ सांगून आलं. वाशीचे सिद्रामप्पा धान्याचे अडते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल आपल्या दुकानी उतरवून विकून देणारे. त्यांची मुलगी पार्वती. अण्णा जाऊन मुलगी पाहून आले. ती बोलायला सरळ आहे, असं त्यांनी आईला सांगितलं. अण्णांच्या तोंडून एखाद्या माणसाची यापेक्षा जास्त तारीफ मी कधी ऐकली नाही. काकाही जाऊन आले आणि आल्यावर तीन दिवस त्यांनी सगळी दावी एकाच लांबीची वळली, जी कुणालाच नको होती. पसंती दोन्हीकडून होती. बोलणी व्हायची होती, तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे, गावात मराठी शिकवणारे गुरुजी दावं घ्यायला आले. मी आत जपानी अक्षरं म्हणत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मला पुन्हा म्हणायला लावलं आणि हसायला लागले.

“महादेवा, हे जपानी?”

“व्हय गुरुजी.”

“अरे, ही तर आपली मुळाक्षरं! क, मग त, न, मग म, य, र, व. आपल्याच क्रमानं. मधली बरीचशी गाळलीस आणि ‘स’, ‘ह’ तेवढे पुढं ओढलेस. समुद्रापलीकडच्या लोकांची अक्षरं आपल्याच ओळीत कशी उभी राहतील? बसल्या बसल्या छान रचलंस हं.”

“म्या काय करू, गुरुजी? त्यांचं तसंच हाय.”

“असेल, असेल,” गुरुजी म्हणाले आणि दावं घेऊन गेले.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना ओळख पटली होती ती बरोबरच होती. फार जुन्या काळी बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडची अक्षरं तिकडं गेली आणि त्यांचा क्रम त्या लोकांनी उचलला, हे माझ्या धाकट्या मुलानं कॉलेजात असताना मला एका पुस्तकातून वाचून दाखवलं. तोवर गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाहीतर मी ते पुस्तक घेऊन त्यांच्याकडं गेले असते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. बाजारात कुणीतरी बोललं की म्हादू कसला सिंगापूरला गेलाय, आमच्या गाडीवानानं त्याला कुर्डुवाडीच्या ठेसनावर पाठीवर पोती वाहताना पाहिलाय. कुर्डुवाडी आमच्यापासून नऊ कोस, पण मधे नाका होता. नाक्याअलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. नाक्यापलीकडं गेलेल्या माणसानं काय केलं ते अलीकडं नीटसं कळत नसे आणि म्हणून लोक ते स्वतःच ठरवत. त्यांनी ठरवलं की काकांचं तिकडं दुसरं बिऱ्हाड आहे. सहा वर्षं ते तिथंच होते. सिंगापूर ही ते बिऱ्हाड झाकायची चादर.

हे वाशीला पोचायला आठ दिवस लागले. सिद्रामप्पांचा निरोप आला: जावई खरंच परदेशी होता की नाही याची खात्री झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. येऊन खात्री करून द्या. आणि ज्या पोरीला ती अक्षरं पाठ आहेत तिलाही आणा.

काकांनी त्या दिवशी अंबाडीच्या भाजीला हात लावला नाही. “वैनी, हे मोडलं तर म्या दुसरीकडं बघायला जाणार न्हाय,” एवढंच म्हणाले. आई मला न्हाऊ घालताना म्हणाली, “गंगू, इचारलं तेवढंच बोलायचं.” मी हो म्हटलं. ते मी पाळलंही, हे इथं नमूद करते.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. काका आले त्याच आठवड्यात मी बेरीज केली होती. दीड वर्ष, साडेतीन वर्षं, सहा महिने, अठरा दिवस, चार दिवस. साडेपाच वर्षं आणि बावीस दिवस. गेले नागपंचमीला, आले नागपंचमीच्या आठ दिवस आधी. म्हणजे सहा वर्षांना आठ दिवस कमी. महिना तीस दिवसांचा धरला तर मधले पाच महिने कुठंच बसत नव्हते. मी तीनदा करून पाहिली. कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणाला सांगितली नाही.

वाशी आमच्याकडून बैलगाडीनं दीड दिवस. भूमला मुक्काम केला. अण्णा, काका आणि मी. वाटेत काका एकही शब्द बोलले नाहीत. अण्णा तसेही बोलत नसत.

सिद्रामप्पांची अडत म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत पोती. ते स्वतः बारीक अंगाचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात एक टोकदार लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसली की तळाचं धान्य बाहेर येतं. बोलतानाही ती त्यांच्या हातात असे. आतल्या दाराआड त्यांची बायको आणि पार्वती बसल्या होत्या. बांगड्यांवरून कळत होतं.

आधी त्यांनी मला आत पाठवून बायकोसमोर उजळणी म्हणायला लावली आणि काकांना बाहेर. मी वाक्यासकट म्हटली. त्यांच्या बायकोनं विचारलं, “सासूवरच का गं?” मी म्हणाले, हाका मारायला सासूच लागते. पार्वती हसली. तिचे पुढचे दोन दात किंचित पुढं होते.

दोघांचं तंतोतंत जुळलं. सिद्रामप्पा म्हणाले, “ह्याचा अर्थ एवढाच, की दोघं एका तोंडाचं शिकलात.”

मला हा माणूस आवडला. मीही तेच म्हणाले असते.

मग त्यांनी फळीवरून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पोत्यावर धन्याच्या नावाची एक चिठ्ठी लावत, त्या जुन्या. साठ-सत्तर असतील. त्यांनी त्या रिकाम्या बारदानावर ओतल्या आणि नळीनं ढवळल्या.

“म्हादप्पा, तोंडाचं पाठांतर म्या मानत न्हाय. तोंड काय बी शिकतं. ह्या चिठ्ठ्या तुमच्या त्या गोदामात लावल्यावानी लावा.”

काका गुडघ्यावर बसले. पहिल्या पाच-सहा चिठ्ठ्या त्यांनी हळू ठेवल्या. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. ते सैल पडले आणि हात आपला आपण चालायला लागला. चिठ्ठीकडं एकदा बघायचं, ठेवायची, दुसरी. दोनदा एकही वाचली नाही. ती मांडणी मी कधी पाहिली नव्हती. मला नुसतं ऐकून पाठ होतं. काका उजव्या कडेपासून सुरू झाले. वरून खाली पाच, मग डावीकडं दुसरी रांग, पुन्हा वरून खाली. ‘या’च्या रांगेत दुसरी आणि चौथी जागा त्यांनी मोकळी सोडली. तिथं ठेवायला काही नव्हतंच, तरी हात तिथून उडी मारून गेला. एक रांग भरली की ते तळव्यानं तिची कड सारखी करत आणि गुडघ्यांवरच डावीकडं सरकत.

“गणपत आन् काशिनाथ एका खणात?” सिद्रामप्पांनी विचारलं.

“तिथं ग, क एकाच खणात जातात. ग असला की अक्षरावर दोन टिंबं.”

“आन् लक्ष्मण रामाजवळ?”

“ल न्हाय त्यांच्यात. लक्ष्मण तिथं रामाच्याच घरात राहतो.”

“इथं बी तसंच हाय,” सिद्रामप्पा म्हणाले. ते हसले नाहीत, पण नळी त्यांनी पोत्याला टेकवून ठेवली. “हे रोजचं केलेलं काम हाय. चार दिवसांत शिकून हात असा चालत न्हाय. माझ्या दुकानात येणारा नवा हमाल आन् जुना हमाल म्या पाठमोरा वळखतो.”

आतून शेंगदाण्याच्या गोड पोळ्या आणि तूप आलं. म्हणजे झालं, हे मलाही समजलं. अण्णांनी पोळी मोडली. सिद्रामप्पा खुशीत होते. ते माझ्याकडं वळले.

“पोरी, तू लई हिशेबाची म्हणं. औटकी येती?”

“येते.”

“मग सांग बघू, काका एकंदर किती दिवस भाईर होते? सगळं जोडून.”

त्यांनी सहज विचारलं होतं. मी विचारलं तेवढंच बोलले. काका जे सांगतात त्याची बेरीज साडेपाच वर्षं बावीस दिवस. प्रत्यक्षात बाहेर होते पाच वर्षं, अकरा महिने, बावीस दिवस.

अण्णांचा हात पोळीवर थांबला. ते थांबणं मला ओळखीचं होतं, पण मी तपासून पाहिलं. बेरजेत चूक नव्हती.

“म्हंजी पाच महिने कमी,” सिद्रामप्पा म्हणाले. त्यांनी नळी परत हातात घेतली.

आतल्या बांगड्या थांबल्या. काका मांडलेल्या चिठ्ठ्यांकडं बघत होते.

“कुर्डुवाडीत होतो,” काका म्हणाले. “ठेसनावर पोती वाहत होतो. तुमी ऐकलं ते खरं हाय.”

“आन् बिऱ्हाड?”

“बिऱ्हाड कसलं? मालधक्क्यावर झोपायचो. गाडीतनं उतरलो तर पहिलाच माणूस परंड्याचा भेटला. त्यानं मला वळखलं न्हाय. म्या इचारलं, दोरखंडवाल्याची आई कशी हाय. तो म्हणाला, म्हातारी दोन वर्सं झाली जाऊन. शेवटी शेवटी टपालवाला दिसला की उठून बसायची म्हणं.” काकांनी एक चिठ्ठी उगाच सरळ केली. “मग घराकडं पाय उचलंना. दर बाजाराच्या दिशी नाक्यापर्यंत चालत यायचो. तिथं बसायचो. परत जायचो.”

आमच्या आजीचं मला फार आठवत नाही. पण काका आल्या दिवशी सगळ्यांची चौकशी करून आजीबद्दल तेवढं त्यांनी विचारलं नव्हतं, हे मला तिथं बसल्या बसल्या आठवलं.

“नाक्यावर बसून काय करत होते, इचारा,” आतून आवाज आला. तो पार्वतीचा होता. तिची आई तिला गप्प करत होती.

काकांनी दाराकडं बघून उत्तर दिलं. “येणारी-जाणारी माणसं बघायचो. दोनदा अण्णा दिसले, माल आणायला निघालेले.” मग अण्णांकडं न बघता म्हणाले, “एकदा तुमच्या गाडीच्या उजव्या बैलाचा कासरा तुटला होता. मधी गाठ मारली होती.”

दोरखंडवाल्याच्या गाडीला गाठीचा कासरा, ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नसती.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “होती गाठ.” मग थोड्या वेळानं, “हाक मारायचीस की रं.”

काका चिठ्ठ्या गोळा करायला लागले.

सिद्रामप्पांनी नळी शेजारच्या पोत्यात खुपसली, बाहेर काढली आणि तळव्यावर आलेली ज्वारी आम्हाला दाखवली. तिच्यात दोन बारीक खडे होते.

“तळाला खडा न्हाय असं पोतं आलं की म्या ते घेत न्हाय,” ते म्हणाले. “रानातनं आलेल्या मालात खडा असतो. नुसतं वरवर चाळून भरलेलं पोतं लई साफ निघतं. म्हादप्पा, मघाशी तुमचं लई साफ निघालं होतं.” मग ते उठून आत गेले. आत बोलणं झालं. बहुतेक वेळ एकच आवाज ऐकू येत होता आणि तो त्यांचा नव्हता.

बाहेर येऊन ते म्हणाले, “पोरगी म्हणती, दर आठवड्याला नाक्यापर्यंत येऊन बसणारा माणूस कुठं पळून जायचा न्हाय. पोळी खा.”

आम्ही खाल्ली. तूप भरपूर होतं.

परतीच्या वाटेवर काका गाडीत माझ्याकडं पाठ करून बसले. मी त्यांच्या जागी असते तर मीही तशीच बसले असते. भूमपर्यंत असंच गेलं. मुक्कामावरून सकाळी निघालो, तेव्हा थंडी होती आणि अण्णांनी बैलांना हाकायला पुढं बसता बसता आपलं घोंगडं काकांच्या अंगावर टाकलं. ऊन जरा वर आल्यावर मला राहवलं नाही.

“काका, एक विचारू?”

“इचार.”

“नाक्यापर्यंत किती वेळा आला होता?”

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता मार बसणार. पण ते मोजत होते. ओठ हलत होते.

“एकवीस बाजार,” ते म्हणाले. “बाविसाव्याला पुढं आलो.”

एकवीस आठवडे म्हणजे एकशे सत्तेचाळीस दिवस. पाच महिन्यांचे दीडशे होतात. तीन दिवस अजूनही कुठंच बसत नव्हते. अण्णा पुढं पाठमोरे बसले होते. कासरा त्यांच्या हातात होता आणि बैल एका चालीनं चालले होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या तीन दिवसांबद्दल मी काकांना पुढं कधी विचारलं नाही.